आधी गप्प बसलेला दाखवा

कॅज्युअल्टीत सगळ्यात कमी बोलतो तो पेशंट. बाकी सगळे बोलतात. बायको बोलते, मेव्हणा बोलतो, ज्याच्या रिक्षातून आणलं तो रिक्षावाला बोलतो. वाटेत 'काय झालं हो?' असं विचारायला थांबलेला आणि उत्तर अर्धवट मिळालं म्हणून रिक्षात चढून बसलेला एक गृहस्थ असतो, तो तर सगळ्यांत जास्त बोलतो. या घोळक्यात आजारी नेमका कोण, हे ओळखणं हेच आमचं पहिलं निदान. कधीकधी तेही चुकवायला लोक टपलेले असतात. आजोबांना दाखवायला आणलेलं असतं आणि झोपवायला सांगितलं की नातूच स्ट्रेचरवर आडवा होतो. सकाळपासून धावपळ करून त्याची पाठ धरलेली असते.

मी कोकणातल्या एका सरकारी रुग्णालयात कॅज्युअल्टी सांभाळते. 'सांभाळते' हा माझा समज. लोकांच्या मते मी तिथे डॉक्टरांची वाट बघत उभी असते. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून, पेशंटच्या छातीला लावून मी श्वास मोजत असताना मागून आवाज येतो, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?" मी म्हणते, मीच डॉक्टर. यावर, "हो, पण मोठे डॉक्टर?" आमचे वॉर्डबॉय मामा सहा फूट उंच आहेत, मिशा भरघोस आहेत आणि सेवानिवृत्तीला टेकल्यामुळे चेहऱ्यावर एक प्रकारचं वैद्यकीय गांभीर्य आलेलं आहे. लोक सरळ त्यांच्याकडे जातात, त्यांना नमस्कार करतात आणि छातीत कुठे दुखतंय ते दाखवतात. मामा शांतपणे सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "ठीक आहे. आता हेच मॅडमना सांगा." एवढ्यावरच निम्म्या लोकांना बरं वाटतं.

पुस्तकाप्रमाणे आम्ही आलेल्यांना रंगांत वाटतो. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळा म्हणजे थोड्या वेळात, हिरवा म्हणजे बाकावर बसा. जनतेची वाटणी वेगळी आहे. तिच्यात पहिला मान आधी आलेल्याचा, दुसरा ओरडणाऱ्याचा आणि या दोघांच्या डोक्यावरून ज्याच्यासाठी फोन येतो त्याचा. मी कुणाच्या तरी कपाळाला टाके घालत असते आणि माझ्या कानाला एक मोबाईल लावला जातो. "साहेब बोलतायत, बोला." कुठले साहेब ते कळत नाही. पलीकडून भारदस्त आवाजात येतं, "आपला माणूस आहे, जरा बघा." मी बघतच होते. फोनवर बोलायचं म्हणून बघायची थांबले.

ओरडणाऱ्यांबद्दल माझ्या मनात मात्र खरोखर प्रेम आहे. जो माणूस दारातून 'मेलो, मेलो' म्हणत येतो, त्याने आमचं निम्मं काम करून ठेवलेलं असतं. त्याची श्वासनलिका मोकळी आहे, फुप्फुसं ठणठणीत आहेत, मेंदूला रक्त पोचतंय. वाचेचं केंद्र तर उत्तमच चाललंय, कारण तो सरकारला, रस्त्याला आणि मला ज्या शिव्या देतो त्या व्याकरणशुद्ध असतात. तो जगणार. माझं लक्ष त्याच्यामागे भिंतीला टेकून बसलेल्या, घामाने शर्ट भिजलेल्या माणसाकडे जातं. त्याला विचारलं की तो म्हणतो, "काय नाय ओ मॅडम, त्यांचं होऊ दे आधी." या वाक्याला मी फार घाबरते.

कारण आमच्या भागात छातीत दुखतच नाही. गॅस धरतो, पित्त चढतं, वारा फिरतो, काल वालाची उसळ झाली होती तिचा त्रास होतो. हृदय हा अवयव कोकणी माणसाला मान्यच नाही. छातीत कळ आली की घरात आधी ओवा खायला देतात, मग लिंबू-सोडा पाजतात, मग बेंबीत हिंग घालतात, पाठीवर थापट्या मारतात आणि अंगणात दोन फेऱ्या मारायला लावतात. एवढं करून 'सकाळी बघू' असं ठरतं. पहाटे माणूस पांढराफटक पडला की मगच गाडी निघते. छातीत दुखणारा आला की पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे, असा आमचा नियम आहे. आम्ही तो दहा मिनिटांत काढतोही. पण त्याआधीचे सहा तास ओव्याने खाल्लेले असतात.

पट्टी बघून मी सांगते, हार्ट ॲटॅक आहे. काका म्हणतात, "पण मला ढेकर आला." ढेकर हा आमच्याकडे न्यायालयात टिकेल असा पुरावा आहे. सिस्टर इंजेक्शन भरत असतात, मामा ऑक्सिजन लावत असतात आणि नातेवाइकांमध्ये उसळीला फोडणी जास्त झाली होती की वाल नीट भिजले नव्हते, यावर वाद पेटलेला असतो. काकू शेवटी रडवेल्या होऊन म्हणतात, "मी सांगत होते, रात्रीचे वाल नकोत." हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली आणि ठपका आला वालांवर.

मधुमेहाची मंडळी तर याहून मुकाट. त्यांना ॲटॅक आला तरी कधीकधी छातीत दुखतच नाही. नुसता घाम फुटतो, गळून गेल्यासारखं वाटतं. "तुम्हाला शुगर आहे का?" या प्रश्नाचं आमच्याकडचं उत्तर, "होती." कुठे गेली? "गोळी घेतली, बरं वाटलं, बंद केली." कुठली गोळी? "पांढरी. बारकी." जगातल्या बहुतेक गोळ्या पांढऱ्या आणि बारक्या आहेत. गणपतीत मुंबईहून चाकरमानी येतात तेव्हा गाडीच्या डिकीत मखर असतं, झांजा असतात, पुतण्याची सायकल असते आणि बीपीच्या गोळ्या परळच्या खोलीत टीव्हीवर राहिलेल्या असतात. त्यात एकवीस मोदकांचा नैवेद्य. पाचव्या दिवसापर्यंत साखर अशा आकड्यावर जाते की आमचं छोटं मशीन आकडा दाखवायचंच नाकारतं.

वेळ सांगण्यातही आमचे लोक उदार. "कधीपासून दुखतंय?" "मघापासून." मघा म्हणजे कधी? "ते नाही का, पंचायतीची मीटिंग होती तेव्हापासून." मीटिंग गेल्या मंगळवारी झालेली असते. खरी माहिती पहिल्या फेरीत कधीच मिळत नाही. पहिल्या फेरीत 'घसरून पडला' मिळतं. दुसऱ्या फेरीत 'झाडावरून पडला'. आईला बाहेर बसवल्यावर तिसऱ्या फेरीत कळतं की झाड शेजाऱ्याचं होतं, हापूसचं होतं आणि शेजारी खाली काठी घेऊन उभा होता. मेमध्ये मोडलेली अर्धी मनगटं याच हिशोबात येतात.

सापाची केस आली की कॅज्युअल्टीला जत्रेचं रूप येतं. साप चावलेल्या माणसाला नीट आणायचं सोडून लोक सापाला नीट आणतात. लोणच्याच्या बरणीत. झाकणाला भोकं पाडलेली असतात, तो गुदमरू नये म्हणून. पेशंटला वाटेत पाणी विचारलेलं नसतं. 'मेलाय' म्हणून माझ्या टेबलावर ठेवलेला साप हलला की दोन क्षणांत सगळे बाकांवर चढतात. त्या दिवशी स्ट्रेचरवर फक्त पेशंट उरतो, कारण त्याला जे व्हायचं ते झालेलं असतं. मग मामा चष्मा लावून बरणीत डोकावतात आणि निकाल देतात, "मॅडम, धामण आहे." धामण बिनविषारी. ते ऐकून पेशंटची बंद पडलेली वाचा परत येते आणि तो सापावर रागावतो.

खरं तर साप आणायची काहीच गरज नसते. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच आहे. घोड्याला थोडं थोडं विष टोचून, त्याच्या रक्तातून ते बनवतात. हे सांगितलं की "घोड्याचं? चालेल का ह्यांना?" अशी शंका निघते. चावणारा साप कुठल्या कुळातला, हे विचारायचं राहून गेलेलं असतं, पण घोड्याची चौकशी होते. विषारी दंशाला सुरुवातीलाच दहा कुप्या लागतात. प्रत्येक कुपीतली पूड पाण्यात विरघळवायची, तीही जोरात न हलवता, नाहीतर फेस होतो. दहा कुप्या म्हटल्यावर एक काका हळूच म्हणतात, "दोन-तीनवर भागवा, गरीब आहेत." औषध फुकट आहे, हे पटवायला आणखी दोन मिनिटं जातात.

कोकणात फुरसं फार. त्याच्या आणि घोणसाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. ते तपासायची आमची पद्धत इतकी साधी आहे की कुणाचा तिच्यावर विश्वास बसत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग नळी तिरकी करायची. रक्त थिजलं असेल तर बरं, पातळच राहिलं तर विष भिनलंय. यात मशीन नाही, वीज नाही, रिपोर्ट नाही. अडचण फक्त 'हात लावायचा नाही' एवढ्या अटीची. उकडीचे मोदक वाफेवर असताना दर दोन मिनिटांनी झाकण उचलून बघणाऱ्या माणसांचा हा मुलूख आहे. आठव्या मिनिटाला कुणीतरी नळी उचलून उजेडात धरतोच. आता नळीशेजारी मामा खुर्ची टाकून बसतात.

मण्यारची गोष्ट मात्र वेगळी. तो रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. चावा दुखत नाही, सुजत नाही, कधीकधी खूणही सापडत नाही. माणूस पहाटे उठून 'पोटात दुखतंय' एवढंच म्हणतो. मग पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं आणि त्यानंतर श्वास. असा पेशंट बाकावर डुलक्या काढताना दिसतो आणि शेजारचा म्हणतो, "झोप झाली नाही बिचाऱ्याची." पावसाळ्यात पहाटे पोट दुखणाऱ्याला मी आधी डोळे मोठे करून वर बघायला सांगते. लोकांना वाटतं मॅडमना पोट आणि डोळे यांतला फरक कळत नाही.

विंचवाचं नाव निघालं की मी मान लववून उभी राहते. लाल विंचू चावून पूर्वी कोकणात कितीतरी माणसं, विशेषतः पोरं, दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ग्रामीण दवाखान्यात राहून असे पेशंट रात्र रात्र बसून बघितले आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर कशी उपयोगी पडते ते दाखवून दिलं. त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एवढं मोठं संशोधन आमच्या दारात झालं, तरी आमच्याकडे येणाऱ्या विंचूदंशाच्या पेशंटच्या पायावर आधी कांदा चोळलेला असतो, वर चुना असतो आणि त्याच्यावर मंत्रवाल्याने फुंकर मारलेली असते. तीन संस्कार झाल्यावर चौथा नंबर बावस्करांच्या गोळीचा.

कुत्रं चावलेले लोक हळद, मिरची पूड किंवा चुना भरून येतात. त्यांचा पहिला प्रश्न, "पोटात चौदा इंजेक्शनं ना?" ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस २००४ नंतर आपल्याकडे बंद झाली. आता दंडावर टोचतात: आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असली तर तिच्यात सीरमही भरतात. पण पोटातली चौदा ही संख्या लोकांच्या मनात एवढी रुतलीय की दंडावर घेतलेली लस त्यांना कमअस्सल वाटते. खरा उपचार नळाखाली असतो. साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. पण फुकटच्या पाण्यावर कुणाचा भरवसा नाही. त्यापेक्षा मिरची झोंबते, म्हणजे काम करते.

घशात माशाचा काटा अडकला की आणखी शहाणपण. भाताचा गोळा गिळा, न चावता. तो नाही उतरला तर केळं. आमच्याकडे एक मोदकाच्या पोटाचे गृहस्थ आले. काटा होता तिथेच होता, पण अर्धा डझन केळी संपली होती. "आता जेवायची इच्छा नाही," एवढीच त्यांची तक्रार.

मारामारीच्या केसेस म्हणजे आमच्या कॅज्युअल्टीचं साहित्य. बांधावरून किंवा आंब्याच्या कलमावरून जुंपलेले दोन्ही पक्ष बहुतेक वेळा एकाच गाडीतून येतात, कारण वाडीत गाडी एकच असते. दोघे एकाच बाकावर बसतात. एक दुसऱ्याला म्हणतो, "तुझं रक्त जास्त जातंय, तू जा आधी." हा सलोखा पोलीस हवालदाराने रजिस्टर उघडेपर्यंतच टिकतो. एमएलसी, म्हणजे पोलीस केसची वैद्यकीय नोंद, लिहायची म्हटली की दोघांनाही जखम मोठी करून हवी असते. कायद्यात हाड किंवा दात मोडला की दुखापत 'गंभीर' ठरते, ही गोष्ट आमच्या लोकांना माझ्याआधी माहीत असते. म्हणून काडेपेटीतून दात येतो. "मॅडम, हा बघा, पाडला ह्याने." मी तोंड उघडायला सांगते. हिरडी भरून आलेली, गुळगुळीत. दात केव्हाचाच गेलेला. विचारलं की समोरचा पक्ष बाकावरून ओरडतो, "अहो, तो शिमग्यात पडला त्याचा! मीच साक्षीदार आहे!"

दारू पिऊन आलेल्या प्रत्येक माणसाने दोनच पेग घेतलेले असतात. गटारीच्या रात्री तर मी 'किती?' विचारणं सोडून देते, कागदावर आधीच दोन लिहून ठेवते. आमचं कॅलेंडर भिंतीवरच्या कॅलेंडरहून फारसं वेगळं नाही. शिमग्यात पालखी नाचवून पाठी धरतात, मेमध्ये झाडं, श्रावणाच्या आधी दोन पेग, गणपतीत साखर, नवरात्रात जुनी भगर खाऊन उलट्या आणि दिवाळीत 'फुटला का बघायला' वाकलेले चेहरे. भाजलेल्या हातावर टूथपेस्ट थापून येतात. दात घासायचे राहिले तरी चालतील, हात पांढरा पाहिजे. वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली हात धरा, हे सांगितलं की लोक माझ्याकडे असे बघतात, जणू मॅडमना औषध द्यायचंच नाहीये.

रात्री तीनला येणाऱ्यांचा एक वर्ग आहे. "गुडघा दुखतोय." कधीपासून? "तीन महिने झाले." मग आत्ताच का आलात? "दिवसा इथे गर्दी असते." याला माझ्याकडे उत्तर नाही. ओपीडीची रांग ज्याने अनुभवली आहे, त्याच्या या बुद्धीला दाद द्यावी लागते. फक्त शेजारी चालू असलेलं सीपीआर बघून ते म्हणतात, "तुमचं चालू द्या, मी थांबतो," तेव्हा मनातून वाटतं, माणूस सज्जन आहे.

आमच्या भिंतीवर २०१० च्या कायद्याचा फलक आहे. डॉक्टर-कर्मचाऱ्यांवर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. फलक मोठा आहे, अक्षरं लाल आहेत. पण हात उगारणारा माणूस नेमका त्याच्याकडे पाठ करून उभा असतो. त्याला मामा कायदा वाचून दाखवत नाहीत. ते त्याच्या हातात सलाईनची बाटली देतात आणि म्हणतात, "जरा वर धरा." हात वर होता तसाच राहतो, त्याला काम मिळतं. दहा मिनिटांनी तोच माणूस दुसऱ्या नातेवाइकांना 'गर्दी करू नका' म्हणून सांगत असतो. त्याला राग नव्हता, भीती होती. बाहेर पडायला तिला दुसरी वाट सापडली नव्हती, एवढंच.

तर वाचकहो, तुमच्यावर यायची वेळ येऊ नये, पण आलीच तर काही गोष्टी करा. छातीत दुखलं तर ओव्याचा डबा शोधू नका, १०८ फिरवा. ही रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर धावते आणि तिचे पैसे लागत नाहीत. महामार्गावर कुणी जखमी पडलेला दिसला तर पोलीस मागे लागतील म्हणून पुढे जाऊ नका. उपचार आधी, कागद नंतर, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय. आणि मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही, असा नियम २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याखाली आलाय. गोळ्यांचा रंग आठवत बसू नका, रिकामी पाकिटं पिशवीत टाकून आणा. सोबत एकच माणूस आणा, पण तो खरं बोलणारा असू द्या. साप घरी राहू द्या. आणि तुम्ही आधी आलेले असताना आम्ही तुम्हाला बाकावर बसवून तुमच्यानंतर आलेल्या माणसाकडे धावलो, तर चिडू नका. कॅज्युअल्टीत थांबायला सांगितलं जाणं, ही डॉक्टरने दिलेली सगळ्यांत चांगली बातमी असते.